जादा लाईट लावा, पण तिला वायर स्वतःची द्या



कारखान्याचा बॉयलर पेटायच्या तोंडावर तालुक्याच्या गावी ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानापुढं ट्रॅक्टरची रांग लागते. कुणाला बंपरवर एलईडी पट्टी पाहिजे, कुणाला छतावर चार फोकस, कुणाला डेक आणि दोन स्पीकर, कुणाला मोबाईल चार्जिंगचा पॉइंट. पिकअपवाल्यांची यादी वेगळी. रिव्हर्स कॅमेरा, प्रेशर हॉर्न, जीपीएस. यातल्या कशालाच माझा विरोध नाही. रात्री दोन वाजता सरीतून भरलेली ट्रॉली बाहेर काढायची तर उजेड लागतोच, आणि रात्रभर जागणाऱ्या ड्रायव्हरला गाणं पण लागतं.

माझं म्हणणं एकच आहे. जादाची वस्तू गाडीच्या मूळ वायरला चिकटवायची नाही. तिला थेट बॅटरीपासून स्वतःची वायर द्यायची, त्या वायरला बॅटरीजवळच स्वतःचा फ्यूज, आणि वस्तू मोठी असली तर मध्ये रिले. पुढं जे लिहितोय ते असं का, आणि कसं, एवढंच आहे.

आता दुकानात होतं काय ते बघा. फिटर हेडलाईटच्या मागं हात घालतो, वायर ब्लेडनं सोलतो, नव्या लाईटची वायर तिला पीळ मारून गुंडाळतो, वरून काळी टेप. दहा मिनिटात काम तमाम. लाईट लागते, मालक खूष. ही लाईट महिनाभर चालते, कधी दोन हंगाम पण चालते. म्हणूनच तर सगळ्यांना वाटतं की यात काही चूक नाही.

आपण पाईपलाईनचा हिशेब बरोबर करतो. अडीच इंची लाईनवर एका एकराचं ठिबक चालतं म्हणून तिच्यावर चार एकर जोडत नाही, शेवटच्या सरीला पाणी पोचणार नाही हे माहीत असतं. वायरचं पण तसंच आहे, फरक एवढाच की पाईपवर लोड वाढला तर पाणी कमी येतं, आणि वायरवर लोड वाढला तर वायर तापते. हेडलाईटचे दोन हॅलोजन बल्ब अप्परवर साठ-साठ वॅटचे धरा. एकूण १२० वॅट. बारा व्होल्टनं भागा, १० अँपिअर झाले. कंपनीनं वायर, स्विच आणि फ्यूज या हिशेबानं दिलेले असतात. तुम्ही त्याच वायरवर आणखी १२० वॅटची पट्टी लावली तर करंट २० झाला. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. शाळेत शिकवलेला नियम आहे, उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

मग एक दिवस फ्यूज उडतो. खरं तर फ्यूजनं त्याचं काम केलं. पण आपल्याकडं उडालेला फ्यूज म्हणजे कटकट. मोटारीच्या खोक्यात किटकॅट उडाला की बारीक तारेच्या जागी जाड तार घालायची सवय जुनी आहे, तीच सवय ट्रॅक्टरवर आली. १५ चा उडतोय ना, मग ३० चा घाल. तो पण मिळाला नाही तर सिगारेटच्या पाकिटाची चंदी. इथून पुढं खरी आगीची तयारी सुरू होते.

फ्यूज लाईटला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. हे एक वाक्य ध्यानात राहिलं तरी ही पोस्ट वाचल्याचं सार्थक झालं. वायर जेवढं सोसते त्याच्या आतला फ्यूज असेल तर फ्यूज आधी जळतो. फ्यूज वायरपेक्षा तगडा घातला की वायरच फ्यूज होते, आणि ती जळते ती बॉनेटखाली किंवा सीटखाली. तिथं काय असतं? पाचटाची भुकटी, डिझेलची ओल, उंदरानं आणलेल्या चिंध्या. बॅटरी स्टार्टरला शेकडो अँपिअर देते. वायरचं कव्हर घासून तांबं बॉडीला टेकलं तर तेवढाच करंट त्या बारीक वायरमधून धावतो. ती लालबुंद व्हायला काही सेकंद पुरतात.

आणि बॅटरीवरून थेट घेतलेली, फ्यूज नसलेली वायर चावी काढली तरी जिवंतच असते. कारखान्याच्या यार्डात नंबर यायची वाट बघत ड्रायव्हर लोक ट्रॅक्टरवर, ट्रॉलीखाली झोपलेले असतात. मोबाईल चार्जिंगला, डेक बारीक आवाजात चालू. भोवती पाचटाचा थर. तिथं एका गाडीची वायर पेटली तर एकाच गाडीचं नुकसान होणार नाही.

आगीपेक्षा जास्त वेळा घडणारी दुसरी गोष्ट आहे, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. डेक, फोकस आणि मागचा लाल दिवा एकाच फ्यूजवर असतील, आणि डेकच्या वायरमुळं तो फ्यूज उडाला, तर ट्रॉलीच्या मागं पूर्ण अंधार. दोन ट्रॉल्या ऊस भरलेले, रस्ता अरुंद, मागून दुधाचा कॅन बांधलेला मोटारसायकलवाला. उसाच्या ट्रॉलीला मागून धडकून गेलेली माणसं आपल्या प्रत्येक ऊसपट्ट्यात आहेत. सगळ्याच अपघातात वायरिंगचा दोष असतो असं मी म्हणत नाही. रिफ्लेक्टर नसतो, बाहेर आलेला ऊस लाल दिवा झाकतो, बरीच कारणं आहेत. पण गाण्याच्या वायरमुळं लाल दिवा विझावा हे कारण तरी आपल्या हातातलं आहे. डेक बंद पडला तर काही बिघडत नाही. म्हणून त्याचा फ्यूज वेगळा पाहिजे, तो उडाला तर फक्त डेकच बंद पडला पाहिजे.

समोरून येणाऱ्याचा पण विचार करा. हेडलाईटच्या वायरवर पट्टी जोडली की हेडलाईट लावली की पट्टी लागणारच. रानातला उजेड डांबरी रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यात जातो. वेगळी वायर म्हणजे वेगळा स्विच. शेतात चालू, रस्त्याला लागलं की बंद.

आता कसं करायचं ते सांगतो.

पहिलं, काम सुरू करायच्या आधी बॅटरीची मायनस केबल सोडा. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी पडते. जोडताना मायनस शेवटी.

दुसरं, बॅटरीच्या प्लसवरून नवी वायर काढा आणि एक वीत अंतराच्या आत फ्यूज होल्डर बसवा. लाईटजवळ फ्यूज लावून उपयोग नाही. बॅटरी ते फ्यूज हा वायरचा तुकडा उघडाच राहतो, त्याला वाचवणारं कुणी नाही. म्हणून तो तुकडा जेवढा छोटा तेवढा चांगला.

तिसरं, वायरची जाडी. दुकानात एमएम म्हणून मागतात, ते खरं चौरस मिलिमीटर. माझा सुरक्षित बाजूचा हिशेब असा: १ एमएमला १० अँपिअरचा फ्यूज, दीडला १५, अडीचला २०, चारला ३०. यापेक्षा मोठा फ्यूज नको, लहान चालेल. घरच्या फिटिंगची एकतारी वायर वापरू नका, गाडीच्या हादऱ्यानं ती तुटते. बहुतारी ऑटो वायर घ्या. आणि वायरचं टोक ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ती तापते जास्त आणि सांध्यात खराब होते.

जाड वायरचा फायदा उजेडात दिसतो. बॅटरीपासून मागच्या फोकसपर्यंत जाऊन-येऊन आठ मीटर वायर धरा, करंट १० अँपिअर. १ एमएमच्या वायरमध्ये जवळपास १.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. अडीच एमएममध्ये अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर. हॅलोजन बल्बला एवढे १.४ व्होल्ट कमी मिळाले तर उजेड जवळजवळ एक तृतीयांश घटतो. बल्ब पिवळा जळतो म्हणून लोक जास्त वॅटचा बल्ब आणतात, वायर आणखी तापते, बल्ब आणखी पिवळा. दोष बल्बचा नसतोच.

चौथं, रिले. काळा चौकोनी डबा असतो, खाली आकडे लिहिलेले: ३०, ८७, ८५, ८६. फ्यूजमधून आलेली जाड वायर ३० ला. ८७ वरून लाईटला. ८५ अर्थला. ८६ ला डॅशबोर्डवरच्या स्विचची बारीक वायर. स्विचमधून जाणारा करंट पाव अँपिअरच्याही आत असतो, त्यामुळं स्विच वितळत नाही. मोठा करंट रिलेतून, बॅटरीपासून थेट. ८६ ची वायर चावीनंतर चालू होणाऱ्या फ्यूजवरून घेतली तर चावी काढल्यावर लाईट आपोआप बंद, बॅटरी उतरायची भीती नाही. मूळ वायरिंगला हात लावायचा तो एवढाच, आणि तो पण छोट्या फ्यूजमधून.

पाचवं, फ्यूजचे रंग पाठ करा. ५ फिका बदामी, साडेसात चॉकलेटी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा पारदर्शक, ३० हिरवा. बॉनेट उघडल्यावर लाईटच्या बारीक वायरवर हिरवा फ्यूज दिसला तर समजायचं काय झालंय ते.

सहावं, सांधे. पीळ आणि टेप म्हणजे सांधा नव्हे. उन्हात टेपचा डिंक सुटतो, धूळ आत जाते, सांधा सैल होतो आणि सैल सांधाच सगळ्यात जास्त तापतो. लग क्रिम्प करून बसवा, वरून हीट श्रिंक नळी. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट घाला, नाहीतर पत्र्याची धार सहा महिन्यात कव्हर कापते. सगळी वायर फ्लेक्झिबल पाईपात, सायलेन्सरपासून आणि डिझेलच्या नळीपासून लांब, दर हातभरावर बांधलेली.

सातवं, अर्थ. हे सगळ्यात दुर्लक्षित. रंगावर बोल्ट आवळून अर्थ होत नाही. रंग खरवडा, पत्रा चमकू द्या, मग लग आवळा आणि वरून ग्रीस लावा. ट्रॉलीच्या बाबतीत तर बहुतेकांचा अर्थ हूकच्या पिनमधून येतो. पिन ग्रीसनं माखलेली, खड्ड्यात उसळणारी. म्हणूनच लाल दिवा लुकलुकतो आणि आपण बल्ब बदलत बसतो. सात पिनच्या सॉकेटमधून अर्थची वेगळी वायर ट्रॉलीपर्यंत न्या. हे काम फोकसच्या आधी करा.

घरच्या चारचाकीत कॅमेरा किंवा चार्जर लावायचा असेल तर फ्यूज टॅप मिळतो. फ्यूज बॉक्सच्या खाचेत बसतो, त्यात मूळ फ्यूज वेगळा आणि नव्या वस्तूचा वेगळा. एकही वायर सोलावी लागत नाही. फक्त एअरबॅग, एबीएस, इंजिन यांच्या खाचा सोडून. पिवळ्या कव्हरची वायर दिसली तर ती बहुतेक एअरबॅगची, तिला हात नाही. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून वायर नेताना आत पडदा एअरबॅग आहे का बघा, असेल तर वायर तिच्या मागून गेली पाहिजे. गाडी उभी असताना पण चालणारा कॅमेरा ०.३ अँपिअर ओढत असेल तर दिवसाला ७ अँपिअर-तास गेले. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी पाच दिवसात झोपली. व्होल्टेज उतरलं की स्वतः बंद होणारा संच घ्या.

कृषी क्षेत्रातल्या मित्रांसाठी एक मुद्दा. फवारणीच्या ड्रोनची बॅटरी बांधावर चार्ज करायला पिकअपमध्ये इन्व्हर्टर बसवायची कल्पना आता बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. १००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ८३ अँपिअर मागतो, त्याची स्वतःची घट धरून नव्वदच्या पुढं. सिगारेट लायटरच्या पॉइंटवर हे जमणार नाही, त्याचा फ्यूज १० ते २० चा असतो. आणि नुसती जाड केबल टाकून पण जमणार नाही, कारण तेवढा करंट अल्टरनेटरनं द्यायला पाहिजे. ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरवरची पाटी वाचा. ३६ अँपिअर लिहिलेलं असेल तर ते चांगल्या आरपीएमवर, रेसवर नाही तर कमीच. त्यातून हेडलाईटचे १० गेले, बाकीच्यांचे गेले, उरलं ते तुमचं. याहून जास्त ओढाल तर फरक बॅटरी भरते आणि सकाळी ट्रॅक्टर ढकलायला माणसं शोधावी लागतात. ड्रोनसाठी छोटा जनरेटर वेगळा नेलेला बरा.

नवीन ट्रॅक्टरवाल्यांनी तर जास्तच जपायचं. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला ट्रेम ४ चे नियम लागू झाले. अशा इंजिनांत डिझेल किती सोडायचं हे ईसीयू ठरवतो. त्याच्या सेन्सरच्या वायरी बऱ्याच ठिकाणी ५ व्होल्टवर चालतात. फिटरनं टेस्ट लॅम्पचं टोक भलत्या वायरीत खुपसलं तर सेन्सर किंवा ईसीयू जाऊ शकतो, आणि तो बल्बच्या किमतीत येत नाही. ज्या वायरीचं काम माहीत नाही ती सोलायची नाही.

यावर लोक काय म्हणतात ते पण ऐकलंय. "सगळे असंच करतात." करतात. "इतकी वर्षं काही झालं नाही." ज्यांचं झालं त्यांच्या गाडीचा सांगाडा बघायला गेलं की वायरिंग उरलेलंच नसतं, त्यामुळं कारण कुणाला कळत नाही. "खर्च वाढतो." रिले, होल्डर, फ्यूज, पाच-सहा मीटर चांगली वायर, लग आणि नळी, हे सगळं मिळून ट्रॅक्टरच्या एका टाकीच्या डिझेलपेक्षा बरंच कमी होतं.

खर्चाच्या मुद्द्यावर फिटरची बाजू पण मांडतो. आयटीआय झालेल्या पोराला हे सगळं येतं. पण नीट काम करायला दोन-तीन तास लागतात, आणि गिऱ्हाईक मजुरी देतं दहा मिनिटांची. दोनशे रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्याला तो रिले कशाला बसवेल? पाच हजारांची लाईट विकत घेणाऱ्यानं तिच्या जोडणीला पाचशे द्यायला काय हरकत आहे? काम सांगताना स्पष्ट सांगा: वेगळी वायर, बॅटरीजवळ फ्यूज, रिले, आणि कुठला फ्यूज कशाचा याची चिठ्ठी झाकणाच्या आतून चिकटव. नको म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

ट्रॅक्टर कंपन्यांना पण सांगणं आहे. आम्ही जादा लाईट लावणार हे तुम्हाला माहीत आहे. मग फ्यूज बॉक्समध्ये दोन-तीन रिकामे, फ्यूज असलेले पॉइंट द्या, आणि वायरिंगचा नकाशा मराठीत द्या. कारखान्यांनी हंगामाच्या करारावेळी रिफ्लेक्टर बघावेत तसंच बॅटरीजवळचा फ्यूज आणि ट्रॉलीचा अर्थ पण बघावा. एका गाडीला पाच मिनिटं लागतील. शिवारफेरी घेणाऱ्या कृषी अधिकाऱ्यांनी खतं-औषधांच्या जोडीला एखादा तास यावर ठेवावा.

विम्याचं शेवटी सांगतो, कारण ते आठवतं पण सगळं झाल्यावरच. नंतर बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंसाठी मोटार विम्यात आयएमटी २४ नावाचं वेगळं कलम आहे, त्याला जादा हप्ता भरावा लागतो. आपल्या पॉलिसीत ते आहे का हे एजंटला आत्ताच विचारा.

मोळी पडायला अजून दिवस आहेत. तोवर एका दुपारी बॉनेट उघडा. बॅटरीच्या प्लसवर किती वायरी आहेत मोजा, आणि प्रत्येकीवर वीतभर अंतरात फ्यूज दिसतो का बघा. जिच्यावर दिसणार नाही ती त्याच दिवशी सोडून ठेवा. रात्री ट्रॉली जोडून, सगळ्या लाईटी आणि डेक चालू करून, पोराला मागं उभं करा आणि लाल दिवा लुकलुकतो का विचारा. कुणाच्या ट्रॅक्टरवर काय निघालं ते खाली लिहा, फोटो टाका. ज्याला रिलेची जोडणी समजली नसेल त्यानं विचारा, कागदावर काढून टाकतो.